बटण गाडीत, बिघाड छताला

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही एक वापरलेली एसयूव्ही घेतली. तिच्या आतल्या आरशाखाली तीन छोटी बटणं आहेत, त्यांतलं पहिलं मी गॅरेजच्या दाराला जोडून घेतलं आहे. संध्याकाळी कामावरून येताना घर दिसलं की बटण दाबते आणि दार उघडतं. त्यात एकदाही चूक झालेली नाही. सकाळी मात्र रोज कटकट. दार भिंतीवरच्या बटणाने उघडते, गाडी मागे घेत बाहेर काढते आणि दार लावायला आरशाखालचं बटण दाबते, तर दार ढिम्म. पाच-सहा वेळा दाबावं लागतं. कधी गाडी पुन्हा पार दाराशी न्यावी लागते. एकदा निघता निघता फोन आला म्हणून ड्राइव्हवेवर दहा मिनिटं बोलत थांबले, त्यानंतर दाबलं तर पहिल्या फटक्यात बंद! जुना हातातला रिमोट आहे, त्यात नवा सेल घातला. पण सकाळी तोही असाच अडतो. गाडीच्या दुकानात दाखवलं, ते म्हणाले आरसा बदलावा लागेल, आणि काहीशे डॉलरचा आकडा सांगितला. बदलू का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नका बदलू. तुमच्या पत्रातच आरशाच्या निर्दोषपणाचे दोन पुरावे आहेत, आणि खरा दोषी कोण याचा तिसराही आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की डोळ्यांसमोर मेकॅनिक येतो. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली गाडीची खोली. तिचं दार आडव्या फळ्यांचं असतं आणि रुळांवरून वर सरकत छताखाली जाऊन आडवं झोपतं. अशा वर जाणाऱ्या दाराची कल्पना सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणली आणि १९२६ मध्ये त्यांनीच ते विजेवर उघडण्याची सोय केली. आज छताला टांगलेली एक मोटर हे काम करते. तिला 'ओपनर' म्हणतात. पूर्वी तिचा रिमोट गाडीच्या व्हायझरला चिमट्याने अडकवलेला असायचा. पुढे तो गाडीतच बसवून मिळू लागला. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे होमलिंक. मिशिगन राज्यातल्या हॉलंड गावच्या प्रिन्स कॉर्पोरेशनने तो बनवला. १९९६ मध्ये ती कंपनी जॉन्सन कंट्रोल्सने घेतली आणि २०१३ मध्ये होमलिंक गेलं जेंटेक्सकडे. जेंटेक्स शेजारच्याच झीलंड गावातली, रात्री आपोआप मंद होणारे आरसे बनवणारी कंपनी. म्हणून अनेक गाड्यांत ही तीन बटणं आरशातच असतात.

आता तुमचे पुरावे बघू. गाडीतलं बटणही अडतं आणि हातातला रिमोटही अडतो. दोन वेगळी यंत्रं, एकाला गाडीच्या बॅटरीतून वीज मिळते, दुसऱ्याला नव्या सेलमधून, आणि दोघांचं दुखणं मात्र एकच, तेही एकाच वेळी. बोलणारे दोघं तंदुरुस्त असताना ऐकू येत नसेल, तर कान तपासायला हवा. तो कान छताला आहे, ओपनरमध्ये. गाडीच्या दुकानाने फक्त गाडी तपासली, त्यांच्यासमोर तेवढीच होती. त्यांना दोष देण्यापेक्षा ही तपासणी घरी, गॅरेजमध्येच करायला हवी होती, असं मी म्हणेन.

दुसरा पुरावा संध्याकाळचा. कान बहिरा असता तर संध्याकाळीही ऐकू आलं नसतं. म्हणजे कान चांगला आहे, फक्त सकाळी त्याच्या शेजारी कोणीतरी गोंगाट करतं आहे. संध्याकाळी तुम्ही येता तेव्हा गॅरेजमध्ये अंधार असतो. सकाळी तुम्ही भिंतीवरचं बटण दाबता, दार वर जातं आणि त्याबरोबर ओपनरमधला दिवा लागतो. हा दिवा चार-साडेचार मिनिटांनी, काही यंत्रांत जरा उशिरा, आपोआप विझतो. तुम्ही गाडी काढून बटण दाबता तेव्हा तो लागलेलाच असतो. फोनवर दहा मिनिटं बोललात तेव्हा तो विझला होता आणि दार पहिल्या फटक्यात बंद झालं. तो फोन आला नसता तर हे कोडं सुटायला बराच वेळ लागला असता.

ओपनरमध्ये कोणता बल्ब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो एलईडी असणार असं मी धरून चाललो. एलईडीला कमी दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, आणि घरातली वीज १२० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. ही वीज त्या विजेत बदलण्यासाठी बल्बच्या बुडात एक चिमुकलं सर्किट असतं. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. अशा झटक्यांतून रेडिओलहरी उठतात आणि त्यांचे तुकडे शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरतात. चांगल्या बल्बमध्ये त्यांना आवर घालणारे दोन-चार सुटे भाग बसवलेले असतात, स्वस्त बल्बमध्ये ते गाळलेले असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच लख्ख दिसतात.

गॅरेजच्या दाराचे रिमोट अमेरिकेत मुख्यतः ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. ३१५ आणि ३९० हे त्यातले नेहमीचे आकडे. बल्बचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. त्यात ओपनरची अँटेना, म्हणजे मागून लोंबणारी ती बारीक वायर, बल्बपासून फार तर हातभर लांब. आणि तुमची गाडी ड्राइव्हवेच्या टोकाला. लग्नाच्या मांडवात बँडवाल्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला फाटकाबाहेरून हाक मारून बघा, त्याला ऐकू जाणार नाही. जवळ गेलात तर जाईल. म्हणूनच गाडी दाराशी नेली की तुमचं काम होतं.

प्रयोग सोपा आहे. ओपनरमधले सगळे बल्ब काढा, आठवडाभर बल्बशिवाय वापरा. आरसा, रिमोट, सेल, कशालाही हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर उत्तर मिळतं. घाईने चार गोष्टी बदलल्या तर दार चालू लागेल, पण कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिथेच उभं राहावं लागेल.

हा मजकूर छापायला जाण्याआधी वरचा प्रयोग मी या ताईंना कळवला होता. त्यांचं उत्तर आलं. ओपनरमध्ये दोन बल्ब होते. साधा बल्ब गेला म्हणून शरद ऋतूत पाकीट आणून दोन्ही एलईडी लावले होते. ते काढल्यापासून आठ दिवस, रोज सकाळी, पहिल्याच दाबण्याला दार बंद होतं आहे.

हे आता वाढत जाणार असं मला वाटतं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून एका वॅटला ४५ ल्यूमेनपेक्षा कमी उजेड देणारे बहुतेक घरगुती बल्ब विकायला मनाई आहे. जुना तारेचा बल्ब गेला की त्या जागी एलईडी येतो, आणि त्याचा दोष दाराच्या, रिमोटच्या किंवा गाडीच्या माथी जातो. उपाय असा : खास गॅरेज-ओपनरसाठी बनवलेले म्हणून विकले जाणारे एलईडी मिळतात, ते लावा. ते थोडे महाग असतात, पण आरशापेक्षा कितीतरी स्वस्त. ते नको असतील तर ओपनरमध्ये बल्बच लावू नका आणि गॅरेजच्या छताला लांब, वेगळा दिवा घ्या.

बल्ब काढूनही फरक पडला नाही, तर मी पुढे कुठे बघितलं असतं? आधी त्या लोंबत्या वायरकडे. ती सरळ खाली सोडलेली असावी. ती अंदाजे वीतभरच का असते याला कारण आहे. ३१५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ९५ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा सुमारे २४. ३९० मेगाहर्ट्झची लहर ७७ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा १९. अँटेना साधारण एवढी असली की ती लहर नीट पकडते. कोणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात ती गुंडाळून टेपने चिकटवलेली किंवा कापलेली असते. मी स्वतः एका घरी ती पत्र्याच्या डब्यावर चिकटवलेली सोडवली आणि दार वीस पावलांवरून ऐकू लागलं.

नंतर गाडीत बघायचं. डॅशकॅम, त्याचा चार्जर, सिगारेट-लायटरच्या खाचेत घातलेला स्वस्त यूएसबी चार्जर हे सगळे त्या एलईडीचे भाऊबंद. ते उपटून बघा. काही गाड्यांच्या काचेवर ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ थर असतो, काही फिल्ममध्येही असतो, त्यातून लहर क्षीण होऊन बाहेर पडते. शेवटी भिंतीवरच्या बटणावर 'लॉक' आहे का ते बघा. सुट्टीवर जाताना रिमोट बंद ठेवण्यासाठी तो असतो. भिंतीवरून दार उघडतं आणि एकही रिमोट चालत नाही, असं झालं तर नव्वद टक्के वेळा तो लॉक कोणाच्या तरी बोटाने लागलेला असतो असा माझा अनुभव आहे.

आणि कधी कधी गोंगाट घराच्या बाहेरून येतो. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळाभोवतीच्या वस्तीत लोकांची दारं एकाएकी रिमोटला जुमानेनाशी झाली. तळावर नव्या लष्करी रेडिओ यंत्रणेची चाचणी चालू होती. पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळाजवळ तेच घडलं. ३८० ते ३९९.९ मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत कित्येक दशकांपासून लष्कराकडे होता, तो तिथे फारसा वापरला जात नव्हता, आणि ३९० वर बोलणारे रिमोट त्या शांततेत सुखाने नांदत होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर तळांना नवी दळणवळण यंत्रणा हवी झाली, तेव्हा लष्कराने आपला पट्टा वापरायला घेतला. लोकांनी तक्रारी केल्या. पण अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या नियमांत, 'भाग १५' मध्ये, स्पष्ट लिहिलेलं आहे की विनापरवाना चालणाऱ्या अशा उपकरणाने परवानाधारकांना त्रास द्यायचा नाही आणि त्यांच्याकडून होणारा त्रास सोसायचा. तुमच्या रिमोटच्या पाठीवर बारीक अक्षरांत हेच छापलेलं असतं. उत्पादक हळूहळू ३१५ कडे सरकले, त्यामागे हेही एक कारण होतं. पुढे तर एकाच दाबण्यात ३१०, ३१५ आणि ३९० अशा तिन्ही ठिकाणी बोलणारे रिमोट आले. कुठल्याही एका ठिकाणी गोंगाट असला तरी निरोप दुसरीकडून पोहोचतो.

प्रश्न : आमची गाडी २००८ची आहे. जुना ओपनर मोडला म्हणून गेल्या महिन्यात नवा बसवला. गाडी काही केल्या तो शिकत नाही. नव्या रिमोटसमोर धरलं की गाडीचा दिवा भराभर लुकलुकतो, पण दार हलत नाही. हातातला रिमोट मात्र व्यवस्थित चालतो. गाडी बिघडली का?
– एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : बिघडलेली नाही, जुनी झाली आहे. खुर्ची घ्या, वर चढा आणि ओपनरच्या मागच्या बाजूचं 'लर्न' बटण कोणत्या रंगाचं आहे ते बघा. लिफ्टमास्टर, चेंबरलेन आणि क्राफ्ट्समन या नावांच्या ओपनरमध्ये हा रंग म्हणजे त्याचं जन्मसाल कळण्याची खूण. हिरवं असेल तर १९९०च्या दशकातल्या पहिल्या वर्षांचं, न बदलणाऱ्या कोडचं. नारिंगी-लाल असेल तर १९९६ नंतरचं, बदलत्या कोडचं, ३९० मेगाहर्ट्झवरचं. जांभळं असेल तर २००५च्या सुमाराचं आणि त्यानंतरचं, ३१५ वरचं. पिवळं असेल तर २०११ पासूनचं, सिक्युरिटी प्लस २.०. तुमचं पिवळंच असणार. तुमची गाडी बनली तेव्हा ही भाषा जन्मलेलीच नव्हती. गाडीला ती शिकवता येत नाही. यावर 'ब्रिज' किंवा 'रिपीटर' नावाची छोटी पेटी मिळते, ती गॅरेजमधल्या विजेच्या खाचेत लावायची. गाडी तिच्याशी जुन्या भाषेत बोलते, ती ओपनरशी नव्या भाषेत. दुभाषाच म्हणा.

दिवा भराभर लुकलुकतो त्याचा अर्थही सांगतो, कारण बहुतेकांची शिकवणी इथेच अर्धवट राहते. जुन्या, न बदलणाऱ्या कोडच्या रिमोटसमोर गाडीचं बटण धरलं की ते त्याचा आकडा पाठ करतं आणि काम संपतं, गाडीचा दिवा स्थिर राहतो. बदलत्या कोडमध्ये दर वेळी नवा आकडा जातो. तो ओपनरला कसा कळतो? दोन घरांत एकाच छापखान्याचं पंचांग असेल तर दोघांनाही उद्याची तिथी न विचारता कळते. रिमोट आणि ओपनर यांच्याकडे असं एक गुप्त पंचांग असतं. चोराने आजची तिथी ऐकली तरी उद्याची त्याला सांगता येत नाही. तुमच्या गाडीने रिमोट बदलत्या कोडचा आहे एवढं ओळखलं, पण तिची स्वतःची ओळख ओपनरला झालेली नाही, आणि ब्रिजशिवाय होणारही नाही. म्हणून दिवा भराभर लुकलुकतो आणि दार हलत नाही.

ब्रिज लावल्यावर त्याच्या कागदावर दिल्याप्रमाणे करा. साध्या, ब्रिज न लागणाऱ्या गाडीत पद्धत अशी असते : आधी बाहेरची दोन बटणं एकदम सुमारे वीस सेकंद, दिवा लुकलुकेपर्यंत दाबून गाडीची जुनी आठवण पुसायची. वापरलेली गाडी घेतली असेल तर हे केल्याशिवाय राहू नका. मग रिमोट गाडीच्या बटणापासून दोन-तीन बोटं लांब धरून दोन्ही एकत्र दाबून ठेवायचे. दिवा आधी सावकाश लुकलुकेल, मग भराभर. मग ओपनरचं लर्न बटण एकदाच दाबून सोडायचं आणि तीस सेकंदांच्या आत गाडीत येऊन गाडीचं बटण दोन-दोन सेकंद, दोनदा-तीनदा दाबायचं. एकट्याने शिडीवरून उतरून पळत गाडी गाठायला जाऊ नका, दुसऱ्या माणसाला बरोबर घ्या. आणि लर्न बटण सहा सेकंद दाबून ठेवू नका, कारण तसं केलं की ओपनर सगळ्या रिमोटना एकदम विसरतो. शेजारच्या मुलाला दिलेला रिमोट, बाहेरच्या भिंतीवरचा आकडे दाबायचा फळा, सगळं पुन्हा शिकवत बसावं लागतं.

रिमोटमधला सेल नवा असू द्या. मरतुकड्या सेलचा रिमोट दार उघडतो आणि तरी गाडीला शिकवायला पुरेसा पडत नाही, असं होतं.

प्रश्न : तुम्ही म्हणता तसं रिमोट दाबून धरतो, पण शिकवणी पुरी होण्याआधीच रिमोटचा दिवा विझतो.
– एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

उत्तर : कॅनडाच्या नियमांनुसार रिमोटने काही सेकंदांनी बोलणं आपणहून थांबवायचं असतं. तुमच्याकडे गाडीचं बटण सतत दाबून धरा आणि रिमोटचं मात्र दर दोन सेकंदांनी दाबा-सोडा करत राहा. गाडीचा दिवा भराभर लुकलुकला की थांबा.

प्रश्न : नातवाच्या घरी हे बघून आलो. आमच्या बंगल्याच्या सरकत्या फाटकाला मोटर आहे. रिमोट कधी चालतो, कधी नाही. बल्बचा नियम इथेही लागू पडतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पडतो. आपल्याकडे फाटकांचे रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, बल्बचा गोंगाट तिथेही पोहोचतो. फाटकाच्या खांबावरचे एलईडी दिवे संध्याकाळी लागल्यावरच रिमोट अडतो का, ते टिपून ठेवा. मोटरची पेटी लोखंडी असेल आणि अँटेनाची वायर आतच गुंडाळून ठेवली असेल, तर ती बाहेर काढून सरळ करा. आणि बसवणाऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा : कोड बदलता आहे की न बदलणारा? न बदलणारा असेल तर तो बदलून घ्या.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. जुन्या रिमोटमध्ये आठ ते बारा छोटे खटके असायचे. बारा खटक्यांचे जास्तीत जास्त ४०९६ कोड होतात. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संगणक-सुरक्षा संशोधकाने मॅटेल कंपनीचं मुलांचं, आता न बनणारं एक खेळणं घेऊन त्यात थोडे फेरफार केले आणि असे सगळे कोड दहा सेकंदांच्या आत एकापाठोपाठ सोडून दाखवले. न बदलणाऱ्या कोडचं दार त्याच्यासमोर टिकत नाही.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे आले आहेत. आम्ही दोघं कामावर जातो. दुपारी बाबा दार बंद करायला गेले की ते अर्ध्यावर येऊन परत वर जातं आणि ओपनरचा दिवा उघडझाप करतो. सकाळी नीट चालतं. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीजवळ जे डोळे आहेत, त्यांची वायर काढून जोडून टाकावी, असं एका ओळखीच्याने सुचवलं. करू का?
– एक वाचक, डॅलस, टेक्सस

उत्तर : कृपा करून करू नका. तुमची तक्रार गाडीच्या बटणाची किंवा रिमोटची नाहीच. निरोप पोहोचला, म्हणून तर दार खाली येऊ लागलं. ते परत गेलं कारण त्या डोळ्यांना मध्ये काहीतरी आहे असं वाटलं.

हे डोळे म्हणजे एका बाजूने अदृश्य किरण सोडणारा आणि दुसऱ्या बाजूने तो पकडणारा, अशी जोडी. किरण तुटला की दार माघारी जातं. ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर लावायचे नसतात, कारण रांगणारं मूल त्यांना दिसायला हवं. अमेरिकेत दाराखाली सापडून मुलं दगावली. मग १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला अशी सोय सक्तीची झाली. दीडशे-दोनशे पौंडांचं दार मोटरच्या जोराने खाली येत असतं. अंगाला टेकण्याआधीच त्याला अडवणारं दुसरं कोणी नाही.

तुमचं दार पश्चिमेकडे तोंड करून असावं. दुपारचं उतरतं ऊन नेमकं पकडणाऱ्या डोळ्यात शिरतं आणि त्याला किरण दिसेनासा होतो. दोन्ही डोळ्यांच्या जागा अदलाबदल करा, म्हणजे पकडणारा सावलीत जाईल. नाहीतर त्यावर पुठ्ठ्याची किंवा पाइपच्या तुकड्याची छोटी नळी बसवा. काच पुसा, कोळ्याचं जाळं काढा, दोन्ही एकमेकांकडे सरळ बघताहेत ना ते बघा.

आणि आई-बाबांना आज संध्याकाळी दोन गोष्टी दाखवा. ओपनरच्या रुळावरून लोंबणारी ती लाल दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. वीज गेली तर दार हाताने उघडायचा तोच मार्ग. पण ती दार पूर्ण खाली असतानाच ओढायची. दार वर असताना ओढली आणि वरची स्प्रिंग तुटलेली असली, तर सगळं दार एकदम कोसळतं. दुसरी गोष्ट, दार खाली येत असताना त्याच्याखालून पळत बाहेर जायचं नाही, दार पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. आपल्या घरी आयुष्यभर कडी-कोयंड्याचं दार वापरलेल्या माणसाला हे आपणहून सुचणार नाही, आणि संकोचाने ते विचारणारही नाहीत.

शेवटी सगळ्याच वाचकांसाठी : दाराच्या बरोबर मध्ये जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकताच ते आपणहून वर गेलं पाहिजे. नंतर दार खाली येत असताना त्या डोळ्यांसमोर झाडूचा दांडा धरा, तेव्हाही ते मागे फिरलं पाहिजे. दोन्हींपैकी एकातही ते फिरलं नाही, तर ते वापरणं थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. ही चाचणी दर महिन्याला करायची असते. या महिन्याची आजच करा.